पायाळूची लाथ

मॉर्टर प्लाटूनमध्ये मी चौदा वर्षं काढली. मॉर्टर म्हणजे उखळी तोफ. तिच्याखाली लोखंडी बेस प्लेट लागते. डोंगरावर ती गाडी नेत नाही, माणसाची पाठ नेते. माझी कंबर आणि दोन्ही गुडघे तिथंच गेले. उरलेलं घेऊन गावी, बोरीला परत आलो.

डॉक्टरांनी पळणं बंद केलं, सायकल मात्र सोडू नका म्हणाले. रोज सकाळी सहाला निघतो, आठला घरी. निघण्याआधी पंधरा मिनिटं सतरंजीवर कमरेचा व्यायाम. पॅडल खाली गेलं की गुडघा जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट वर. वाकावं लागू नये म्हणून हँडलही वर. चढाला हलका गिअर. दुखो न दुखो, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं हॉल्ट. गुडघा सुजला तर सायकल भिंतीला. आणि पायाला मुंग्या आल्या तर त्याच दिवशी परभणीला डॉक्टरकडं. या नियमाला सूट नाही.

हॉल्टला फाट्यावर बसलो की हॉटेलातले दात काढतात.

"काय फौजी, दम लागला व्हय? बॉर्डरवर बी असंच बसत होते काय?"

"तुमी दिवसभर बसायलाव की. मंग गप बसा."

एकजण म्हणाला, फौजी माणसानं दुखणं सांगू नये. त्याला मी भर फाट्यावर शिव्या घातल्या. लोक मला तिरसट म्हणतात. आहेच मी तिरसट.

त्यातून मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले. आमच्याकडं पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. अजूनही कुणी पाठ धरून दारात येतं. मी हाकलून देतो. त्याचं कारण आमच्या प्लाटूनमधला मारोती, हुद्दा नाईक, गाव पेडगाव.

मारोती माझ्याच तोफेवर होता. पोस्टवर रोज सकाळी सहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी व्हायची. हवालदार मेजर विचारायचे, "कोई बीमार?" सगळे गप्प. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडं, जो जाईल तो बहाणेबाज. हा शिक्का मारण्यात मीच पुढं असायचो.

एका सोमवारी मारोती बंकरमध्ये पालथा पडला.

"उसण भरलीय उस्ताद. घाला लाथ."

मी तीनदा पाय लावला. पोरं हसली. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी तो म्हणाला, "डाव्या पायाला मुंग्या यायल्यात. तळवा कळंना. सिक रिपोर्ट करू का?"

"उसणीसाठी सिक रिपोर्ट? पेडगावात तोंड दाखवशील का?" मी म्हणालो आणि पाय लावला.

"बरं वाटायलंय," तो म्हणाला.

गुरुवारी फॉल-इनला "कोई बीमार?" झालं. मारोतीनं माझ्याकडं बघितलं. मी समोर बघत राहिलो.

नऊ चाळीसला आम्ही डोंगराच्या धारेवर होतो. बेस प्लेट मारोतीच्या पाठीवर. डावं पाऊल दगडावर मुडपलं आणि ते त्याला कळलंच नाही. तो ओरडलाही नाही. प्लेटच्या वजनानं मागं गेला, खाली नाल्यात. मला त्याच्यापर्यंत उतरायला पंचवीस मिनिटं लागली. मी वायरलेस सेट उचलला.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"चल सकता है? ओव्हर."

"नहीं साब. नहीं रहा. ओव्हर."

चौकशीत मी सांगितलं, पाय घसरला. पेडगावात त्याच्या घरीही तेच सांगितलं.

गेल्या आठवड्यात एकदा सकाळी आठला मी सायकल लावत होतो. मारोतीचा धाकटा भाऊ ज्ञानोबा कमरेवर हात ठेवून दारात उभा.

"उसण हाय भाऊ. पायाला मुंग्या बी यायल्यात. दादा फोनवर सांगायचा, तुमचा पाय लागला की लय बरं वाटतंय."

एवढं बोलून तो ओसरीवर पालथा झाला. माझं डोकं फिरलं.

"ऊठ! आधी ऊठ!"

तो घाबरून उठला. मग मी सगळं सांगितलं. मुंग्या, तळवा, बुधवारचं माझं बोलणं.

"पाय घसरला म्हनले होते तुमी."

"खोटं बोललो."

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं.

"तुमी मारलंव त्याला."

"व्हय. आता परभणीला माझ्या डॉक्टरकडं चल."

"तुमच्यासंगं न्हाई."

तो लंगडत एसटीला गेला. मी सायकल काढली. दर अर्ध्या तासाला हॉल्ट घेत अकराला परभणीत पोहोचलो. माझ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ज्ञानोबा बाकावर बसला होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मी बाहेर उभा राहिलो. त्याचं नाव पुकारलं, तो आत गेला, तेव्हा निघालो.

हल्ली सकाळी सहाला सायकलपाशी उभा राहून मी मोठ्यानं विचारतो, "कोई बीमार?" जे दुखत असेल ते मोठ्यानं सांगतो. घरचे हसतात. हसू देत.

त्या गुरुवारी हात वर करायला नाईक मारोतीला फक्त माझी मान हललेली हवी होती.