कवीचा उपास आणि आमची खिचडी

अणुबाँबविरोधी चळवळीला कॅनडातल्या बर्नाबीत सगळ्यात मोठा धक्का मी दिला, आणि तोही साबुदाण्याच्या खिचडीने!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. टुरलाइफ नावाचा नॉर्वेजियन कवी आमच्या युनिव्हर्सिटीत आला होता. कोळ्याचा मुलगा, बाँबविरुद्ध कविता करून दोनदा तुरुंगात गेलेला. शनिवारी त्याचं काव्यवाचन होतं आणि तोवर तो निषेध म्हणून उपाशी राहून गेटवर बसणार होता. उतरला होता आमच्याकडे. (मी इंजिनिअरिंग शिकवायचो. कवितेशी माझा संबंध एवढाच, की आमचं बेसमेंट रिकामं होतं.)

"आजपासून माझा उपास," असं सांगून तो सकाळी बाहेर पडला.

"सुलभा, साबुदाणा भिजव!" मी बायकोला हाक मारली.

"अहो, तो काहीच खाणार नाही म्हणतोय."

"अगं, तुझी आई एकादशीला तेच म्हणते! मग काय काय खाते?"

सुलभाने साबुदाणा भिजत घातला.

संध्याकाळी तो पावसात भिजून आला. टेबलावर तुपातली खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याचे लाडू.

"पण माझा उपास आहे!"

"म्हणूनच तर! हे सगळं उपासाचंच आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असाच करतात."

बिचारा भला माणूस! उपासातलं भारतीयांना आपण काय शिकवणार, असं त्याला वाटलं असावं. त्याने तीनदा खिचडी घेतली. (दुसऱ्यांदा माझ्या आग्रहाने. तिसऱ्यांदाही.)

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या कौतुकाने गेटवर गेलो. एक वार्ताहर बाई त्याला विचारत होत्या, "अशक्तपणा वाटतोय?"

"छे! काल खिचडी खाल्ली, लाडू खाल्ले. मस्त झोप लागली!"

निषेधाच्या पाट्या धरलेल्या पोरांनी त्या खाली केल्या. एक जण ओरडला, "फ्रॉड!" टुरलाइफने माझ्याकडे पाहिलं, मी बुटांकडे. ज्या माणसाने शब्दासाठी तुरुंग भोगला, त्याचा शब्द मी तुपात परतला होता! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो शांतपणे म्हणाला, "चूक झाली. उपास आजपासून पुन्हा सुरू. वाचन पुढे ढकला."

पुन्हा, म्हणजे आमच्याच बेसमेंटमध्ये! फोडणीचा वास खाली जायला नको म्हणून सुलभाने स्टोव्हच बंद ठेवला. वर मला म्हणाली, "अब्रू तुम्ही घालवलीत ना? मग तुम्हीही पाण्यावर राहा!" मी राहिलो. (ती ऑफिसच्या कॅफेटेरियात पोटभर जेवत होती, हे मला फार नंतर कळलं.)

वाचनाला हॉल खच्चून भरला. टुरलाइफने ताठ उभं राहून कविता वाचल्या आणि 'फ्रॉड' म्हणणारा पोरगाच टाळ्या वाजवत पहिला उभा राहिला. माझा जीव भांड्यात पडला. उपास सोडवायला संत्र्याचा रस घेऊन मी स्टेजवर चढलो, आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली!

पेपरातला फोटो सुलभाने कितीतरी वर्षं फ्रिजवर लावून ठेवला होता. कवीच्या खांद्यावर मान टाकलेला मी, आणि मला रस पाजणारा कवी. खाली छापलं होतं: 'डावीकडे, उपासाने खंगलेले नॉर्वेजियन कवी.'

डावीकडे मी होतो!