समोर बसायची जागा

काकांची लाकडी होडी गेली. बुडाली नाही, कुठे आपटली नाही, म्हातारपणाने गेली. तळाच्या फळ्या इतक्या मऊ झाल्या होत्या की बोट दाबलं तर आत जायचं. डांबर फासफासून काकांनी तिला बरीच वर्षं जगवलं. पण एका सकाळी ती पाण्यात ढकलताना मागची फळी काकांच्या हातात आली आणि बाकीची होडी पुढे निघून गेली, तेव्हा त्यांनीही हात टेकले. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "गेली." कोण गेलं, हे मावशींनी विचारलंसुद्धा नाही. त्यांनी मुकाट्याने चहा टाकला.

काका आणि मावशी ही नावं त्यांना तलावाच्या काठाने दिलेली. खरी नावं त्यांच्या लेकीला तेवढी ठाऊक असतील. काका वल्ही मारायचे, मावशी जाळं सोडायच्या आणि ओढायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मावशी होडीत बसल्या त्या बसल्याच. मासळी विकताना काका गप्प आणि मावशींच्या तोंडाचा पट्टा चालू. काठावर सगळे म्हणायचे की ही बाई नवऱ्याला तोंड उघडू देत नाही. कुणी काकांना काही विचारलं, की काकांच्या समोर येऊन मावशी तोच प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारायच्या, "अहो, ते विचारताहेत, आज पलीकडे गेला होतात का?" मग काका उत्तर द्यायचे. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही लुडबुड!

लुडबुड नव्हती ती. काकांना ऐकू येत नव्हतं.

हे मावशींना कळायलाही वेळ लागला. आधी काका त्यांच्या प्रत्येक बोलण्याला "हो हो, बरोबर आहे" म्हणायला लागले. आता असा नवरा मिळाल्यावर दुसऱ्या एखाद्या बाईने पेढे वाटले असते, पण मावशींना संशय आला. मग एके दिवशी नळ धो धो वाहत राहिला, बादली भरून मोरी भरून पाणी स्वयंपाकघरात आलं, आणि काका तिथेच दोन हात अंतरावर बसून शांतपणे फाटलेलं जाळं विणत होते. पाय ओले झाले तेव्हा दचकून उठले. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या भांडायला म्हणून पुढे आल्या होत्या, आणि न भांडताच नळ बंद करून त्यांनी फडकं घेतलं.

काकांनी ते सांगितलं नाही, आणि मावशींनी विचारलं नाही. का सांगितलं नाही, हे मावशींना बरोब्बर ठाऊक होतं. त्यांच्याच गल्लीत एक म्हातारा मच्छीमार होता. त्याला कमी दिसायला लागलं तशी मुलांनी काळजीपोटी त्याची होडी विकून टाकली आणि त्याला दारात खुर्ची टाकून दिली. मुलं चांगली होती, खुर्चीसुद्धा चांगली होती. काका अधूनमधून त्याला मासळी द्यायला जायचे आणि परत आले की त्या दिवशी धड जेवायचे नाहीत. तेव्हा ही गोष्ट लेकीच्या कानावर गेली तर काकांचं पाण्यावर जाणं सुटलं म्हणून समजा. म्हणून मावशींनी चारचौघांत आगाऊ बाई व्हायचं पत्करलं.

लाकडी होडी गेल्यावर लेकीने तसं सुचवूनही पाहिलं. आता पुरे झालं, हात दुखतात, खांदा दुखतो, घरी बसा. तेव्हा मध्ये पडला तो जावई. त्याचं गाड्यांच्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि बोलण्याची भारी हौस. तो आला की आधी आवाज यायचा आणि मग तो. काही ना काही आणायचा, कधी बाबांना टॉर्च, कधी टोपी, आणि सतत काहीतरी खुडबूड करत बोलत राहायचा. त्याने बायकोला समजावलं की बाबांना पाण्यावर जाऊ दे, फक्त होडी नवी घेऊ, अल्युमिनियमची आणि इंजिनाची. इंजिन असेल तर खांद्याला त्रास नाही. इंजिन असेल तरच, असं लेकीने बजावलं. आणि एका रविवारी सासू-सासऱ्यांना घेऊन तो तलावाच्या दुसऱ्या टोकाच्या होडीवाल्याकडे आला.

या होडीवाल्याला सगळे 'गॅरंटी' म्हणायचे. काहीही विचारा, तो गॅरंटी द्यायचा. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये त्याने होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, रंगाचा आणि ग्रीसचा वास येत होता. काकांच्या कामाच्या दोनच निघाल्या. एक सपाट बुडाची, रुंद, मागे इंजिन बसवलेली. दुसरी अरुंद, हलकी, दोन माणसं सहज उचलतील अशी. तिला इंजिन नाही, दोन्ही बाजूंना वल्ही अडकवायच्या कड्या. जावयाने पहिलीवर थाप मारली. दुसरीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. गॅरंटी म्हणाला, चालवून बघा, पाणी समोरच आहे.

इंजिनाच्या होडीत काका मागे बसले, इंजिनाचा दांडा हातात धरून. मावशी पुढे, तोंड वाटेकडे. होडी सुटली ती अशी सुटली की काकांच्या चेहऱ्यावर पोरासारखं हसू आलं असणार. असणार म्हणायचं, कारण मावशींना ते दिसत नव्हतं. त्यांच्या पाठीमागे नुसता इंजिनाचा आवाज होता. संसारात पहिल्यांदाच त्या होडीत बसून नवऱ्याला पाठ करून होत्या, आणि त्यांना ते मुळीच बरं वाटेना. तेवढ्यात समोर पाण्यावर रिकाम्या बाटल्यांची रांग दिसली. कुणाचं तरी जाळं लावलेलं होतं. मावशी ओरडल्या, "उजवीकडे घ्या." होडी सरळच. पुन्हा ओरडल्या, मग वळून हात केला. काका मजेत लांबच्या काठाकडे बघत होते. त्यांची नजर मावशींच्या हातावर पडेपर्यंत होडी जाळ्यावरून गेली, पंख्यात दोरा गुरफटला आणि इंजिन गुरगुरून बंद पडलं.

दुसऱ्याच्या जाळ्यावरून होडी घालणं म्हणजे मच्छीमाराला मान खाली घालायला लावणारी गोष्ट. काकांनी वाकून, एकही गाठ न तोडता तो गुंता सोडवला. बराच वेळ लागला. ते मावशींकडे बघत नव्हते. काठावर आल्यावर मावशींनी जावयाला ठणकावून सांगितलं, "माझीच चूक. मी बगळे बघत बसले आणि सांगायचं राहून गेलं."

जावई हसला, गॅरंटीही हसला. आईंनी जन्मात बगळे पाहिले नव्हते की काय, अशी थट्टा झाली. मावशींनी ती हसून घेतली. काका हसले नाहीत. थट्टा त्यांना ऐकू आली नसेल, पण बायको कशासाठी हसं करून घेते आहे हे न कळायला ते काही दुधखुळे नव्हते.

मग मावशींनीच आग्रह धरला की आलोच आहोत तर दुसरीतही बसून बघू. इंजिनाच्या वासाने मला मळमळतं, असं त्यांनी आधीच पेरून ठेवलं. ज्या बाईला आयुष्यभर मासळीच्या पाटीशेजारी झोप लागली तिला कशाने मळमळणार, पण जावई भला माणूस, त्याने ऐकून घेतलं.

वल्ह्यांच्या होडीत वल्ही मारणाऱ्याची पाठ वाटेकडे असते आणि तोंड मागे बसलेल्याकडे. पुढचं तो बघत नाही. समोर बसलेलं माणूस त्याला सांगतं. काका वल्ह्यांवर बसले, मावशी समोर. आणि बघता बघता सगळं जागेवर आलं. मावशी म्हणाल्या, "थोडं डावीकडे," की होडी डावीकडे. "सावकाश," की सावकाश. त्यांचे ओठ हलायचे आणि काकांचा हात वळायचा. मावशींचा जीव भांड्यात पडला. हीच होडी, दुसरी बघायची गरज नाही.

पण तलावाच्या मध्यावर यायच्या आधीच काकांचा उजवा खांदा बोलायला लागला. वल्हं उचलताना ते दात आवळत होते आणि डावीकडचं वल्हं जास्त जोरात पडून होडी तिरकी जात होती. एका होडीत कान साथ देत नव्हते, दुसरीत खांदा. आणि तिसरी काही गॅरंटीकडे नव्हती. उरली ती दारातली खुर्ची. मावशींना एकदम भरून आलं. इतके दिवस झाकून झाकून शेवटी इथेच यायचं होतं का, असं त्यांना वाटलं. आणि भरून आलं की गप्प बसायची त्यांना सवय नव्हती.

"उठा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी मारते वल्ही."

इतक्या वर्षांत वल्हं काकांनी मावशींच्या हाती दिलं नव्हतं. जाळं तुझं, वल्हं माझं, हे ठरलेलं होतं. पण आता ते उठले. अरुंद होडीत दोघं म्हातारी माणसं अर्धवट वाकून, एकमेकांच्या कोपरांना धरून, एक पाऊल तू टाक, एक मी टाकतो, अशी जागा बदलत होती. होडी डुचमळली आणि काठावरून जावयाची आरोळी आली, ती एकट्या मावशींना ऐकू आली. मावशी वल्ह्यांवर बसल्या. पहिली दोन-चार वल्ही पाण्याच्या वरूनच गेली. मग हाताला अंदाज आला आणि होडी चालली. काका आता वाटेकडे तोंड करून बसले होते. त्यांचे डोळे अजून घारीचे. लांबच्या बाटल्या त्यांनी वेळेवर हेरल्या आणि हाताने बाजू दाखवली. आणि तरीही दोघं समोरासमोरच होते.

बाटल्या मागे पडल्या. मग काका म्हणाले, "मला ऐकू येत नाही गं."

मावशींनी वल्ही थांबवली. त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"मी बोलताना तुम्ही माझ्याकडे बघायला लागलात, तेव्हापासून. इतकी वर्षं समोर बसायचात, पण बघायचात माझ्या मागच्या पाण्याकडे. आता माझं बोलणं संपेपर्यंत नजर हलत नाही तुमची." त्या थांबल्या आणि खरं ते सांगून टाकलं. "मला ते आवडायला लागलं होतं. म्हणूनही मी काही बोलले नाही."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. पुसायला गेले असते तर मध्ये मावशी आणखी काही बोलल्या असत्या आणि ते निसटलं असतं.

काठ जवळ आला तसं मावशींनी मनाशी जुळवायला सुरुवात केली. इंजिनाचा वास, मळमळ, वल्ही मारायची आपल्याला लहानपणापासून हौस. होडी टेकली. जावई पाण्यात उतरून पुढे आला, काळजीने त्याचा चेहरा उतरला होता. हे काय चाललंय, आई वल्ही का मारताहेत, बाबांना काही झालं का? मावशींनी तोंड उघडलं, पण काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ही होडी घ्यायची," काका म्हणाले. आपला आवाज किती मोठा झाला आहे हे त्यांना कळत नव्हतं. शेडमधला गॅरंटीसुद्धा बाहेर आला. "वल्ही ही मारेल. मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. ते जाळं माझ्यामुळे फाटलं असतं, हिच्यामुळे नाही. समोर बसलं की हिचं सगळं कळतं मला. आता लेकीला सांगायचं तर सांगा, मी काही लपवणार नाही."

इतकं लांबलचक बोलणं त्यांनी लग्नातसुद्धा केलं नसेल. ज्याचं तोंड कधी बंद नसायचं तो जावई वाकून होडीची कड धरत, खालच्या पाण्याकडे बघत हळूच म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावला आहात. मी इतकं बोलायचो, तुम्ही कधी उत्तरच द्यायचा नाहीत. टोपी आणली तेव्हाही."

सगळ्या जगासाठी मावशी काकांच्या समोर येऊन प्रश्न पुन्हा विचारत आल्या होत्या, पण घरातला माणूस म्हणून याच्यासाठी कधी उठल्या नव्हत्या.

काका पुढे झुकले. लेकीच्या लग्नापासून जावयाला ते 'अहो-जाहो' करत आले होते.

"मान वर करून बोल," ते म्हणाले. "तुझं तोंड दिसलं नाही मला."

जावयाने मान वर केली. सांगायची गोष्ट एकदा सांगणं सोपं असतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून तीच पुन्हा सांगणं फार अवघड. पण त्याने सांगितली, अगदी सावकाश, टोपीसकट. काकांनी सगळी ऐकली. मग हात लांब करून त्याच्या गालाला लागलेलं ग्रीस अंगठ्याने पुसलं आणि म्हणाले, "रागावलो नाही रे. एक अक्षरसुद्धा कळलं नव्हतं."

जावई हसला की रडला हे सांगणं कठीण आहे. त्याने मावशींना हात देऊन उतरवलं, त्यांच्या तळहातांकडे पाहिलं, ते लाल झाले होते. तो शेडकडे वळून गॅरंटीला काहीतरी सांगायला निघाला आणि दोन पावलांवर थांबला. परत आला, काकांच्या अगदी समोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "बाबा, आईंना ही वल्ही लांब पडतात. आखूड घेऊ."