धरून की सोडून?

पनवेलला रजिस्ट्रार कचेरीसमोर माझं दस्त टाइप करण्याचं दुकान आहे. एकदा एक उंच, वयस्कर गृहस्थ कागद घेऊन आले. "शुक्रवारपर्यंत देते," मी म्हटलं. ते जागचे हलेनात. "शुक्रवार धरून की सोडून?" मला हसू आलं. पण ते गंभीर होते. "धरून असेल तर दिवस मावळायच्या आत दे. मग आमचा शब्बाथ लागतो, कामं बंद."

हे आपटेकरकाका. मूळचे आपट्याचे, बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बिल्डर आणि ठेकेदार भांडले की दोघे मिळून त्यांना लवाद नेमत. "पर्यंत" हा शब्द ऐकला की ते हातातला चहासुद्धा खाली ठेवत. "अगं, भिंत पडायच्या आधी वाक्य पडतं," असं त्यांचं म्हणणं.

उलव्याचे ठेकेदार दामाशेठ घरत यांची पहिलीच मोठी इमारत अशाच एका वाक्यावर अडली. करारात होतं, "जोत्यापर्यंतचा भराव ठेकेदाराने करावा." बिल्डर म्हणे, जोत्याच्या माथ्यापर्यंत मुरूम भरा. दामाशेठ म्हणत, "जोता जितं सुरू व्हतो, तितं आमचा काम सपला." बिल्डरने त्यांना साइट सोडायची नोटीस दिली. पहिल्याच कामावरून हाकललेल्या ठेकेदाराला पुन्हा कोण बोलावतं?

दोघांनी नेमलेले लवाद म्हणून काका साइटवर गेले. टिपणं घ्यायला मीही होते, आणि खरं सांगायचं तर आता हे काय विचारतात याची उत्सुकताही होती. "दामाशेठ, उलव्यापर्यंतचं तिकीट काढलंत तर वेशीवर उतरता?"

"नाय सायेब, गावात."

मग बिल्डरला, "तुमचा प्लॉट रस्त्यापर्यंत आहे. मग रस्ताही तुमचाच का?" बिल्डरने नकारार्थी मान हलवली. दोघेही आपापल्याच उत्तरात अडकले होते.

निकाल टाइप करून घ्यायला काका दुकानात आले आणि सहज विचारलं, "या कराराचा मसुदा कुठला गं?" करार मीच टाइप केला होता, मसुदा माझ्याकडचा जुनाच होता. वर्षानुवर्षं मी फक्त नावं बदलत आले होते. मूळ कागद काढला. पिवळा पडलेला, हाताने लिहिलेला, बांधकाम खात्यातून कधीतरी दुकानात आलेला. काका बघतच राहिले. अक्षर त्यांचं होतं.

मला त्यांची फार दया आली. "कुणाला कळणार नाही, काका."

"मला धरून की सोडून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद दोघांपुढे ठेवला. "हे अर्धवट वाक्य माझं. मी लवाद राहावं की नाही, तुम्ही ठरवा." बिल्डर कपाळाला आठ्या घालून बसला. दामाशेठ म्हणाले, "आपली चूक सांगनारा लवाद आमाला दुसरा कुटं गावनार? तुमीच सांगा, सायेब." बिल्डरनेही मान डोलावली. मुरूम बिल्डरने आणायचा, भरायचा दामाशेठनी, आणि नोटीस रद्द. इमारत उभी राहिली. काकांची कामं मात्र कमी झाली. स्वतःच चुकणारा लवाद कशाला, असं लोक म्हणू लागले. त्यांनी तक्रार केली नाही. माझ्याकडून मसुदा तेवढा दुरुस्त करून घेतला: "जोत्याच्या माथ्यापर्यंत, माथा धरून."

परवा ते दुकानात आले. मुलगी त्यांना इस्रायलला नेणार होती, कायमचं. "शुक्रवारपर्यंत आहे मी इथे," म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना विचारलं, "धरून की सोडून?"

ते हसले. मग समोरच्या कचेरीकडे, रस्त्याकडे, माझ्या टेबलाकडे बघत राहिले.

"सोडून," म्हणाले.