सात मिलिमीटर

कृत्रिम पाय तयार करणाऱ्या आमच्या केंद्रात मापकाका तीस वर्षे मापे घेत आले. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. गेली अकरा वर्षे मी त्यांनी बेतलेल्या पायावर उभा राहून शाळेत शिकवतो आहे. मोजायची फीत कोणीही लावू शकतो. परंतु कोणाला कुठे किती सैल सोडायचे, हे त्यांनी एकेकाच्या जखमा पाहून ठरवलेले असे. जिन्यातल्या पावलांच्या आवाजावरून ते खोलीतूनच ओरडत, "आत घासतंय तुम्हाला, लपवू नका!"

मागील वर्षी नव्या साहेबांनी प्लास्टरचे सगळे साचे फोडायला लावले. आकडे क्लाउडवर आहेत, मग ही अडगळ कशाला? नीट बसलेल्या पायाचे आकडे काका संगणकातल्या 'जुनी मापे' नावाच्या तक्त्यात, म्हणजे टेबलात, ठेवीत. नवा पाय बोचू लागला की तेच उघडत. यंदा क्लाउडवरची जागा कमी करण्याचा हुकूम निघाला. ज्याच्या नावात 'जुनी' दिसेल ते टेबल काढून टाका, असे साहेबांनी संगणक सांभाळणाऱ्या मुलीला सांगितले.

"काकांना विचारू का?"

"त्यांना काय विचारायचं? ते पडलेली दाढसुद्धा जपून ठेवतील!"

टेबल काढण्यापूर्वी यंत्र त्याचे पूर्ण नाव टंकायला लावते. तिने टंकले. राखीव प्रत घेणे साहेबांनी आधीच बंद केले होते. चार हजार माणसांचे पाय गेले आणि एकाही जबाबदार व्यक्तीला साधी ठेच लागली नाही. माझ्या लेखी तक्रारीला उत्तर आले: 'सदर नावाचे टेबल अस्तित्वात आढळत नाही.'

"माझ्या बोटांत आहे सगळं," नव्या पायाचे माप द्यायला गेलो तेव्हा काका म्हणाले. "बसा, मास्तर." डोळे मिटून त्यांनी माझ्या नडगीवरून अंगठा फिरवला. "नडगीच्या टोकाशी चार मिलिमीटर सैल. बरोबर ना?"

माझा आकडा सात. दर खेपेस त्यांनीच तो मला ऐकवला होता. सव्वीस वर्षे मी चुकीच्या उत्तरांवर लाल रेघ मारत आलो, पण त्यांचा चेहरा पाहून त्या दिवशी म्हणालो, "अगदी बरोबर, काका."

आठवड्याने नवा पाय चढवला आणि दाराकडे शक्य तितका ताठ चालत गेलो. हाडाशी सुरी फिरत होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मागून हाक आली.

"मास्तर, किती होतं?"

मी कठडा धरून उभा राहिलो.

"सांगा हो. किती?"

"सात."

काकांनी एप्रन काढून खुंटीला अडकवला. बाकावर सहा जण थांबले होते. त्यांच्यापैकी एकालाही स्वतःचा आकडा ठाऊक नव्हता.