मॉड्यूलची न लिहिलेली ओळ

भूकंपानंतर आम्ही लातूरला आलो. काही वर्षं पत्र्याच्या खोलीत गेली. मिळेल ते घ्यायला रांगेत उभं राहता राहता मनात बसलं, की आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. ही सबब नव्हे. पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पुढे शिकवणी वर्गांचा जोर वाढला, तेव्हा मी अशाच एका वर्गाची कॉम्प्युटर लॅब सांभाळायला लागलो. सराव परीक्षा लिनक्सच्या एका सर्व्हरवरून चालायच्या. त्याचं नेटवर्क कार्ड मशीन सुरू झाल्यावर आपोआप चालू होत नसे. त्याचं मॉड्यूल, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, हाताने लोड करावा लागे. रात्री सर्व्हर बंद करत; रोज सकाळी मी एक कमांड देई आणि साऱ्या लॅबला जीव येई.

लॅब उघडणारे, झाडणारे चाचा कौतुकानं बघत. "आलं का आमचं डॉक्टर? पेशंट निजून हाय." मग अर्धा चहा माझ्यासाठी बशीत ओतत.

मॉड्यूलचं नाव /etc/modules या फाइलीत एकदा लिहिलं असतं, तर ते दर वेळी आपोआप लोड झालं असतं. मला ते माहीत होतं. मी मुद्दाम लिहिलं नाही. रोज कुणीतरी माझी वाट बघावी, एवढंच.

बहिणीच्या बाळंतपणाला लोह्याला गेलो. जाताना सर्व्हर चालूच ठेवला होता, पण त्याच दिवशी दुपारी वीज जाऊन तो बंद पडला. दुसऱ्या सकाळी परीक्षा झालीच नाही. वर्गाच्या सरांनी चाचांच्या हातातलं ओलं फडकं पाहिलं आणि ठरवून टाकलं, वायरीत पाणी यांनीच घातलं. मी परत आलो, कमांड दिली, सगळं सुरू झालं. सरांनी पाठ थोपटली. चाचांना तोवर फाटकावर सायकली लावायला पाठवलं होतं.

त्याच दिवशी मी ती ओळ लिहिली. तोंड मात्र उघडलं नाही.

इतक्या वर्षांनी परवा चाचांच्या घरी गेलो. आता ते थकलेत. सगळं सांगितलं.

"म्हंजे माझ्या फडक्यानं न्हाई झालं?"

"नाही चाचा."

"मी तर घरचा टीव्हीबी पुसत न्हाई तवापासून. भ्या वाटतंय."

मी म्हणालो, सरांना आत्ताच फोन लावतो.

"त्यांना लाव निवांत. आधी आत जा, चाचीला सांग. त्या वायरीतल्या पाण्यावरनं इतकी वर्षं मला पाणक्या म्हणत राहिली ती."

मी उठलो. चाची चुलीपुढं भाकरी थापत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी पहिल्यापासून सांगायला लागलो. चाचा बाहेरून म्हणाले, "मोठ्यानं बोल बेटा, तिला कमी ऐकू येतं."