कंबर आधी, हात नंतर

सॉफ्टबॉल शिकवायला लागल्यापासून माझ्याकडे दोन गोष्टींचा तुटवडा कधी पडला नाही: फाटलेले ग्लोव्ह्ज आणि मोठ्या माणसांचे सल्ले. ग्लोव्ह्ज शिवून आणता येतात. सल्ल्यांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून मी ते मैत्रिणींना सांगत सुटते. एक सांगायला घेतला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत!

गुजरातेतल्या आमच्या शहरात, सुभानपुऱ्यातल्या एका क्लबच्या मैदानावर मी सकाळी मुलींना शिकवते. युनिव्हर्सिटीच्या टीमकडून खेळले, कोचिंगचा डिप्लोमा केला, तरी तिथल्या ज्येष्ठांच्या लेखी मी 'ती शिट्टीवाली पोरगी'च.

आजचे किस्से तन्वीचे. तन्वी मोहिते, निजामपुऱ्याची, नववीतली. पळायला वाऱ्यासारखी, नजर पक्की. फक्त तिच्या स्विंगमध्ये, म्हणजे बॅट फिरवण्यात, एक खोट होती. ती नुसत्या हातांनी मारायची. सॉफ्टबॉलमध्ये जोर कमरेतून येतो. आधी मागचा पाय वळतो, मग कंबर फिरते आणि हात सगळ्यात शेवटी, चाबकाच्या टोकासारखे येतात. तन्वीचे हात आधी पळायचे आणि कंबर मागे राहायची. चेंडू बॅटला लागायचा, पण चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पायाशी जाऊन झोपायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी राज्याच्या टीमची ट्रायल होती. (ही तारीख ठरवणाऱ्याला मी काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.) मोहित्यांच्या घरात ठराव झाला होता. निवड झाली तर खेळ. नाही झाली तर बॅट माळ्यावर आणि तन्वी दहावीच्या ट्यूशनला, कायमची.

मला फक्त एक कंबर वळवायची होती. आणि ती वळू नये म्हणून जणू अख्खं खानदान कामाला लागलं होतं!

*

सगळ्यात पुढे तन्वीचे आजोबा. त्यांचे पणजोबा संस्थान सरकारच्या पलटणीत होते, आणि आजोबा रोज सकाळी त्याच रुबाबात मैदानावर यायचे. काखेत घडीची खुर्ची, डोक्यावर पांढरी टोपी. जवानीत ते क्रिकेट खेळायचे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही बॅटवर आपला हक्क आहे अशी त्यांची समजूत.

मी तन्वीला बॅट खांद्यापाशी धरायला लावली की मागून आवाज यायचा, "बॅट सरळ!"

मी म्हणायचे, "आजोबा, हे क्रिकेट नाही. इथे बॅट आडवी फिरते."

"बाळ, तू शिकलेली आहेस, मान्य. पण सरळ बॅट म्हणजे सज्जन माणूस. कधी दगा देत नाही."

"आजोबा, सॉफ्टबॉलमध्ये सज्जन माणूस आउट होतो!"

त्यांनी खुर्ची दोन पावलं पुढे सरकवली. मला वाटलं, रागावले. तसं काही नव्हतं. तिथून त्यांचा आवाज तन्वीला जास्त स्पष्ट ऐकू जाणार होता!

*

मग करजणचे काका. तन्वीच्या बाबांचे थोरले भाऊ, करजणला हार्डवेअरचं दुकान. तन्वीची आई तिच्या बॅटिंगचे व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकायची, आणि दहा मिनिटांत करजणहून व्हॉइस नोट यायची.

एकदा व्हॉइस नोट आली: "पोरीच्या हातात दम नाही. मी पाठवतो वस्तू."

दोन दिवसांनी वस्तू आली. लोखंडी पाइप! आत वाळू भरलेली, दोन्ही टोकं वेल्डिंग करून बंद, आणि मुठीला सायकलचं हँडल ग्रिप. "रोज शंभर वेळा फिरवायला सांगा, मग बघा!"

मी नको म्हटलं. घरात माझं कोण ऐकतं? तन्वीनं गच्चीवर पाइप फिरवला. जड वस्तू फिरवायला तिनं काय वापरलं? हात! जी सवय मोडायला मी महिनाभर घसा फोडत होते, ती वाळू भरून पक्की झाली. वर खांदा धरला. चार दिवस पोरीला वेणी घालता येईना.

मी काकांना फोन केला. जेवढं बोलायचं तेवढं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खांदा कुठला धरलाय?"

"उजवा!"

"मग बरोबर. डाव्या हातानं नीट फिरवत नसणार. दुसरा पाइप पाठवू?"

तो पहिला पाइप आता आमच्या प्रॅक्टिस नेटचा खुंटा आहे. काका परवा येऊन बघून गेले. ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, "आमचं योगदान."

*

तन्वीच्या शाळेतले पी.टी.चे सर गुजराती, स्वभावानं फार गोड. शाळेत त्यांनी तिला सॉफ्टबॉल शिकवायचा स्वतःहून निर्णय घेतला. मी ट्रायलची तयारी करून घेतेय हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे 'मदत' करायचं ठरवलं.

एका सोमवारी तन्वी आली ती विचित्रच खेळायला लागली. बॅट वर. थांबली. पाय पुढे. थांबली. मग बॅट फिरवली. तोवर चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन विसावला होता.

"हे काय चाललंय?"

"ताई, सरांनी नंबर दिलेत. एक म्हणजे बॅट वर, दोन म्हणजे पाय, तीन म्हणजे मार. शिट्टी वाजल्याशिवाय पुढचा नंबर नाही."

मी तडक शाळेत गेले. "सर, स्विंग म्हणजे पंधरा ऑगस्टची परेड नाही! सगळं एका दमात होतं!"

सर हसले. "अरे बेन, डिसिप्लिन तो जोईए ने!" शिस्त हवीच म्हणे!

"पण सर, दोन म्हणेपर्यंत चेंडू निघून जातो!"

सरांनी गंभीरपणे विचार केला. म्हणाले, "तो एक काम करो. पिचरला पण शिट्टी द्या ने!"

*

नवरात्र लागलं. आमच्या शहरात नवरात्रात सकाळी प्रॅक्टिसला येणारी मुलगी म्हणजे देहानं आलेली मुलगी; मन रात्रीच्या गरब्यातच असतं. तन्वीही जांभया देत आली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.

ती मैत्रिणीला रात्रीची नवी स्टेप दाखवत होती. मागचा पाय चवड्यावर वळला, कंबर गर्रकन फिरली आणि हात मागून लहरत आले. कंबर आधी, हात नंतर! मी ज्यासाठी महिना घालवला ते पोरगी रोज रात्री फुकट करत होती!

"तन्वी! हेच! हेच बॅट घेऊन कर!"

तिनं केलं. असा आवाज आला की शेजारच्या नेटमधली क्रिकेटची मुलं वळून बघायला लागली. दुसरा चेंडू, तसाच. मी नाचायचीच बाकी होते.

तिसऱ्या चेंडूला पाय वळला, कंबर फिरली, चेंडू उडाला आणि स्टेपच्या शेवटी गरब्यात जे येतं ते आलं. टाळी! दोन्ही हात सुटले आणि बॅट सुसाट निघाली.

आजोबा नेमके तेव्हाच काहीतरी सुनवायला खुर्चीतून उठले होते. बॅट बरोबर त्यांच्या रिकाम्या खुर्चीत येऊन आदळली. कापड फाडून तिथेच अडकली.

मी धावत तिकडे गेले. आजोबांनी बॅटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघितलंस बाळ? सरळ आली की नाही?"

*

कंबर वळायला लागली होती, पण रोज नाही. टेन्शन आलं की हात पुन्हा पुढे. शेवटचे दोन दिवस कसून प्रॅक्टिस घ्यायची असं मी ठरवलं होतं. खंडेनवमीच्या दुपारी आजोबांचा फोन आला.

"आज आणि उद्या तन्वीची बॅट मिळणार नाही."

"का? मोडली?"

"पूजेला बसलीय."

मी स्कूटर काढून निजामपुरा गाठला. देवघरासमोर पाट. पाटावर पलटणीतल्या पणजोबांची तलवार, आजोबांची जुनी क्रिकेटची बॅट, बाबांचा पाना-पकड आणि मधोमध तन्वीची अॅल्युमिनियमची बॅट. हळद-कुंकू, झेंडूची माळ. मुठीवरच्या ग्रिपला तर इतकं तेलकट कुंकू फासलेलं की धरली असती तर साबणासारखी निसटली असती!

"आजोबा, परवा ट्रायल आहे!"

"पूजेला बसलेलं शस्त्र उद्या संध्याकाळी सीमोल्लंघन करूनच उचलायचं. आमच्या घराण्यात असंच."

"आणि शत्रू आला तर?"

"मग उचलतात."

"आजोबा, परवा सकाळी आठ वाजता येतोय शत्रू!"

आजोबांनी क्षणभर विचार केला. "परवा ना? मग आज कसली घाई?"

मी बॅटकडे हात केला तर तन्वीची आई मध्ये आली. माझ्याशी नेहमी गोड बोलणारी बाई! म्हणाली, "ताई, बाकी तुम्ही म्हणाल ते. पण हे नको. परवा निवड नाही झाली तर घरात सगळे म्हणतील, पूजा मोडली म्हणून." मी हात मागे घेतला. दुसरी बॅट तिला देता आली असती, पण क्लबच्या बॅटा आमच्या स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली ज्यांच्याकडे ते ज्येष्ठ सभासद दसऱ्याला गावी!

शेवटी मी मोरीतून एक टॉवेल उचलला, भिजवला, पिळला, एका टोकाला गाठ मारली आणि तन्वीच्या हातात दिला. ओला टॉवेल नुसत्या हातांनी फिरवला तर लोंबतो. कंबर आधी फिरली तरच समोर येऊन फटकन् वाजतो. हॉलमधलं टीपॉय हलवलं आणि सुरू केलं. आधी लोंबला, लोंबला, लोंबला. मग फट्! मग पुन्हा फट्! दसऱ्याच्या दुपारपर्यंत पोरगी न चुकता टॉवेल वाजवायला लागली. हात एकदाही पुढे पळाले नाहीत.

मी घामाघूम होऊन सोफ्यावर बसले. आजोबांनी माझ्यासमोर पेढा धरला.

"आता कळलं, आपले पूर्वज खंडेनवमी का पाळायचे?"

*

आता ट्रायल.

सकाळी आम्ही गाडीत बसलो, मी, तन्वी, तिची आई, आजोबा आणि कुंकू पुसलेली बॅट. मी आजोबांना स्पष्ट सांगितलं, "आज मैदानावर एक शब्द बोलायचा नाही. मुलीचं लक्ष विचलित होतं. शपथ घ्या."

"कुणाची?"

"तुमच्या कुलदैवताची!"

त्यांनी खंडोबाची शपथ घेतली. मला धन्य वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच या घरात माझं कुणी ऐकलं होतं.

पळणं, थ्रो, कॅच, सगळ्यात तन्वी छान. राहिली बॅटिंग. समोर करड्या चेहऱ्याची उंच पिचर. सिलेक्टर टेबलाशी बसलेले. आम्ही जाळीबाहेर. आजोबा ओठ गच्च मिटून उभे.

पहिला चेंडू. हात पुढे पळाले. स्ट्राइक.

दुसरा चेंडू. पुन्हा हात पुढे. पुन्हा स्ट्राइक. तिसरा स्ट्राइक म्हणजे आउट.

तन्वीच्या आईनं डोळे मिटले. मला माळ्यावर जाणारी बॅट दिसायला लागली.

आणि तन्वीनं हात वर केला. अंपायरकडे टाइम मागितला. मला वाटलं, ग्लोव्ह सैल झाला असेल. ती सरळ चालत जाळीपाशी आली. माझ्याकडे नाही. आजोबांकडे!

"आजोबा, ओरडा ना काहीतरी! इतकं शांत आहे, मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

आजोबांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

तन्वीची आई म्हणाली, "शपथ तुम्ही घातलीत. तुम्हीच 'सुटली' म्हणायला हवं."

"अहो, तिची बॅटिंग चाललीय!"

"ताई, प्लीज!" तन्वी रडवेली झाली होती.

तिकडून अंपायर ओरडला, "चालो बेटा, जल्दी!"

"सुटली," मी दातओठ खात पुटपुटले.

आजोबांनी कानामागे हात धरला. ऐकू आलं नाही म्हणे!

"सुटलीऽऽऽ! सुटली, सुटली, सुटली! बोला एकदाचं!"

अख्खं मैदान माझ्याकडे वळलं. तन्वी पळत जागेवर गेली. आजोबांनी छाती भरून श्वास घेतला आणि सबंध पलटणीला ऐकू जाईल असे गरजले, "बॅट सरळ!"

तन्वीचे खांदे सैल पडले. चेंडू आला. मागचा पाय वळला, कंबर फिरली, हात शेवटी आले. बॅट जमिनीला समांतर, आडवी, पार आडवी! चेंडू लेफ्ट फील्डरच्या डोक्यावरून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेला आणि तन्वी तिसऱ्या बेसवर उभी राहिली. सिलेक्टरांनी आपसात मान हलवली आणि तिला निवडलेल्या मुलींच्या रांगेत उभं राहायला सांगितलं.

मी जाळी दोन्ही हातांनी धरून उड्या मारत होते. "कंबर! बघितली का कंबर? कंबर आधी! हात नंतर!" तेवढ्यात पुढची मुलगी बॅटिंगला आली होती, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

अंपायर खेळ थांबवून जाळीपाशी आला. "बेन, जरा शांति राखो ने!"

आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळ, असं ओरडू नये. पोरींचं लक्ष जातं. चल, घे बघू खंडोबाची शपथ."