मास्तरांनी नाकारलेली टाकी

मास्तरांनी सख्ख्या जावयावर सूड उगवला आणि तोही एका ग्लासभर काळ्या बिअरच्या निमित्तानं, ही बातमी आमच्या कारखान्यात ज्या वेगानं पसरली त्या वेगानं आगसुद्धा पसरली नसती. पहिल्यांदा बोलली ती बाटल्या धुणारी आक्का. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कोणाला सांगू नका हं!" आणि दुपारपर्यंत तिनंच सगळ्यांना सांगून टाकलं. मीही सांगितलं. खोटं कशाला बोलू, थोडा मीठमसाला लावूनच सांगितलं.

मास्तर म्हणजे आमच्या बिअरच्या कारखान्यातले चाखणारे. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण दुसऱ्याच्या कामातली चूक न बोलता दाखवायची त्यांची तऱ्हा अशी होती की ते नाव आपोआप चिकटलं. अंगानं काटकुळे, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बायको लवकर गेली. कारखान्याच्या फाटकासमोर दोन खोल्या होत्या, तिथं त्यांनी एकट्यानं मुलगी वाढवली. जीभ शाबूत राहावी म्हणून तंबाखू नाही, कांदा नाही, तिखट तर नाहीच नाही. त्यांच्याकडे जेवायला बसणं म्हणजे काही आजार नसताना पथ्य पाळणं. पोरीनं लग्न केलं ते केवळ तिखट खायला मिळावं म्हणून, असं मी म्हणायचो. मास्तर माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

लग्न तिनं केलं ते मास्तरांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाशी, आणि न विचारता केलं. टेबलावर चिठ्ठी ठेवून गेली. मास्तरांनी ती वाचली, घडी करून कोटाच्या खिशात घातली आणि वेळेवर कामाला आले. जावई कारखान्यात त्यांना आधीसारखाच मास्तर म्हणायचा. घरी काय म्हणायचा हा प्रश्नच आला नाही, कारण त्या घरात त्याचं पाऊल पडलं नव्हतं. आता सांगा, एवढं सरपण रचलेलं असताना आक्कानं काडी ओढली तर तिचा काय दोष?

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे वर्षातून एकदाच काळी, दाट स्टाउट बिअर निघायची. दोन जण दोन टाक्या लावायचे, म्हणजे आपापल्या हातची बिअर करायचे. मास्तर निवडतील ती टाकी कारखान्याच्या नावानं बाहेर जायची. उरलेली साध्या बिअरमध्ये मिसळून संपवायची. त्या वर्षी एक टाकी दाढीवाल्यांची होती. ते वीस वर्षं हेच करत आलेले. दुसरी जावयाची, आयुष्यातली पहिली. धाकट्या मालकांनी त्याला सरळ सांगितलं होतं, "तुझी टाकी लागली तर कायमची नोकरी आणि गोदामावरच्या खोल्या. नाही लागली तर पुन्हा पिंपं धुवायची." नवरा-बायको तेव्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहत होते. खिडकी नव्हती. त्या खोल्या मिळतात की नाही, हे एका घोटावर येऊन ठेपलं होतं.

निवडायची पद्धत ठरलेली होती. आक्का ग्लासांच्या बुडाला खडूनं खूण करायची आणि भरून टेबलावर ठेवायची. मास्तर पाठ करून उभे राहायचे. मग लगेच चाखायचं नाही, ग्लासांना आलेला घाम उतरेपर्यंत थांबायचं. गार असली की वाईट बिअरही गोड वागते, असं त्यांचं म्हणणं. नवखी माणसं फेस बघतात, रंग बघतात. मास्तर म्हणायचे, "काळा रंग काय, चार दाणे जाळले की येतो. अंग बघा, अंग!" म्हणजे घोट जिभेवर बसला पाहिजे, आणि गिळल्यावरही तिथून आत्ताच कुणीतरी उठून गेलंय असं वाटलं पाहिजे.

त्या दिवशी सकाळी दहाला आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो. मास्तरांनी पहिला ग्लास उचलला, वास घेतला, एक घोट घेतला, खाली ठेवला. दुसरा उचलला. नाकाशी नेला आणि तिथंच धरून राहिले. किती वेळ, ते मोजायचं भान नव्हतं, पण आक्कानं मला कोपरानं ढोसलं एवढं आठवतं. मग एक घोट. ग्लास ठेवला. परत उचलला. मास्तर एका ग्लासाकडे दुसऱ्यांदा कधी वळत नसत. त्या दिवशी तिसऱ्यांदा वळले.

"काय मास्तर, तहान लागली का?" दाढीवाल्यांनी चिमटा काढला.

"लवकर उरका हो," धाकटे मालक म्हणाले, "पाहुणे बसलेत माझे."

मास्तरांनी पहिल्या ग्लासावर बोट ठेवलं. "ही."

आक्कानं ग्लास उलटा धरून खूण पाहिली. दाढीवाल्यांची. जावई दारात उभा होता, हात मनगटापर्यंत काळे.

"मास्तर, एकदा परत..."

"तीनदा घेतली," मास्तर म्हणाले, आणि रुमालानं ओठ पुसून निघून गेले.

महिन्याभरात मुलगी आणि जावई गाव सोडून गेले. वर्षातून एकदा ती एकटीच यायची, तासभर बसायची. एकदा मी मास्तरांना डिवचलं, "लोक काय म्हणतात माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"मग खरं काय ते सांगून टाका की."

"तुम्हाला सांगू? त्यापेक्षा फाटकावर लिहितो." आयुष्यभरात त्यांनी माझी केलेली एवढी एकच थट्टा. मग कोटाची बटणं चाचपत बसले. त्यांना तोंडावर विचारणारा मी एकटाच. बाकीच्यांनी त्यांच्याकडे येणंच कमी केलं होतं. सूडबुद्धीचा माणूस, उगाच कशाला जवळ करा!

अकरा वर्षांनी मास्तर गेले. खोल्या रिकाम्या करायला मुलगी आली तेव्हा मी मदतीला गेलो. कपाट ओढता ओढता म्हटलं, "एक विचारू का, पोरी?"

"काका, तुम्ही न विचारता राहिलात तर दुखणं येईल तुम्हाला. विचारा."

मी विचारलं. तिनं हातातली चादर नीट घडी घालून ठेवली.

"बाबांनी ओळखली होती आमची टाकी. मागच्या खेपेला त्यांनीच सांगितलं. दाणे भाजायचा हात त्यांनीच शिकवलेला. म्हणाले, वास माझाच होता गं."

"म्हणजे मुद्दामच की!"

"पुढचं ऐका तरी." ती खाटेच्या कडेवर बसली. "टाकी लावली त्या दिवशी दुपारी माझं पोट पडलं. चौथा महिना होता. शेजारणीनं निरोप धाडला तसे हे धावत आले, भिजवण तसंच टाकून. दीड तास माझ्यापाशी होते."

भिजवण म्हणजे गरम पाण्यात मुरत ठेवलेला जव. ते पाणी ठरलेल्या उष्णतेवर धरून ठेवावं लागतं. निवत गेलं की जवातलं सत्त्व नंतर सगळं आंबून जातं, आणि बिअरला दाटपणा म्हणून राहत नाही. भिजवण सोडून जाणाऱ्याला आमच्याकडे त्याच दिवशी काढून टाकत. जावयानं परत येऊन पाणी तापवलं आणि तोंड मिटलं.

"बाबांना सांगितलंस हे?"

"नाही. सांगितलं असतं तर ते जन्मभर स्वतःला खात बसले असते." तिनं चादर उचलली. "आणि टाकी तरीही पास केली नसती. मला आधी त्याचाच राग यायचा."

"आता?"

"आता हे स्वतः चाखतात तिकडच्या कारखान्यात. ह्यांनीही नसती पास केली." तिनं चादर पिशवीत घातली. "ते दुसरं टोक धरा, काका."

आम्ही खाट बाहेर काढली.

आक्का अजून आहे, आणि विचारलं तर अजूनही सुडाचीच गोष्ट सांगते. म्हणून लिहून ठेवतो. मास्तरांनी सूड उगवला नाही. जावयाची बिअर कोणती हे त्यांना कळलं होतं, आणि ती पातळ होती.